998 सीसीची गाडी अन् 1,08,300 चा चुना

रेससाठी गाडी बनवण्यात घरी 40,000 गेले म्हणून सांगितलंय, खरा आकडा इथंच पहिल्यांदा लिहून राह्यलो. ईसीयू रिमॅपचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलायचे) 32,000, रोल केज (गाडी पलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) फिटिंगसकट 58,500, अन् 'लायसन्स प्लस क्लास बुकिंग'चे, म्हणजे रेसिंगचं लायसन्स अन् स्पर्धेत नाव घालायचे, 17,800. हे शेवटचे कॅश, कारण गॅरेजवाल्याच्या खात्याची म्हणे लिमिट संपली होती. हसा.

गाडी बलेनो आरएस, 2017 ची. शहराबाहेर ऑटोक्रॉस (घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची शर्यत) होता, क्लास म्हणजे सीसीप्रमाणे गट, 1100 पर्यंत, 1400 पर्यंत, 1650 पर्यंत अन् त्यावर ओपन. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीकडचा हा गॅरेजवाला बोलायला इतका गोड की काय सांगू. "भाऊ, तुमची 998 सीसी, 1100 मध्ये टाकतो, तिथं जुन्या झेन अन् वॅगन आर येतात, ट्रॉफी घरी समजा." मी समजलो.

आता जे आठवलं की अजूनही रात्री झोप उडते ते सांगतो. त्याच गॅरेजात एक पोरगा जुनी एस्टीम घेऊन आला होता, चहा पिता पिता मला म्हणे, "दादा, टर्बो हाय ना तुमची? मग 1.7 नं गुणा." मी हसलो बे! आरसीवर 998 लिहिलंय तर 998 च ना, असं वरून त्यालाच समजावलं. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर होता, गुणलं असतं तर 1696.6 दिसलं असतं. टर्बो हवा कोंबते म्हणून पेट्रोल टर्बोची सीसी एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) नियमात 1.7 नं गुणूनच धरतात. म्हणजे 1100 सोडाच, मी 1650 च्याही बाहेर, सरळ ओपनमध्ये, जिथं पूर्ण रॅलीसाठी बनवलेल्या गाड्या येतात. मी इंजिनिअर आहे, अडाणी नाही, पण गॅरेजवाला तीस वर्षं याच धंद्यात आहे म्हटल्यावर कोण गुणाकार करत बसतं?

स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधी गाडी अन् कागद तपासतात तिथं, सगळं उघडं पडलं. लायसन्सची पावती बोगस. ते लायसन्स आपण स्वतः एफएमएससीआयकडं (भारतातली मोटर रेसिंगची संघटना) ऑनलाइन काढायचं असतं, मधला माणूस लागतच नाही. केजच्या मेन हूपला (सीटमागची मुख्य कमान) एफआयएच्या हिशोबानं 45 मिमीचा, अडीच मिमी जाडीचा सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा पाइप पाहिजे (नाहीतर 50 चा, 2 मिमी). माझा निघाला 38 चा, जाडी दीड, आतून जोडाची शिवण दिसत होती. तपासणारे काका म्हणाले, "पलटला असता तर हाच तुझ्या डोक्यात घुसला असता." वेल्डिंग चालू असताना पाइप मोजायचा व्हर्निअर घेऊन उभे राहा रे, लाजू नका.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "रोडवर रेस लावता काय?" अर्धा तास मीच आरोपी. दुसऱ्या खेपेला म्हणे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. तिसऱ्या खेपेला बिल मागितलं, माझ्याकडं होती वहीच्या कागदावरची 'कार वर्क' लिहिलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका, पाइपचा साइज अन् ग्रेड बिलावर लिहून घ्या. मग साहेब बाहेर आले, केज पाहिली, अन् अशी गाडी रोडवर आणलीच कशी म्हणून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मलाच ऐकवलं! कंपनीनं दिलेल्या रचनेत बदल केला ना, तो माझा गुन्हा. ज्यानं केला तो मोकळा. ग्राहक मंचाचं विचारलं तर "बघा तुम्ही" म्हणून चहाला गेले.

अन् अजून एक, आधी इव्हेंटचं सप्लिमेंटरी रेग्युलेशन (त्या स्पर्धेची नियमावली) वाचा, क्लास ठरवा, मगच गाडीला पाना लावा. मी नेमकं उलटं केलं.

केज कापून काढायचे दुसरा गॅरेजवाला 6,500 मागून राह्यला. गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. फोन तो हिंगण्यावाला उचलत नाही, पण परवा त्यानं डीपी बदलला, हातात ट्रॉफी आहे.