चिंध्यांची सतरंजी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या बाजारातली, हातमागावर विणलेली. माप 4 बाय 6 फूट, कोरडं वजन 2 किलो 600 ग्रॅम. बैठकीच्या खोलीत रोज पायाखाली, आठ महिन्यांत पाच वेळा धुतली.

चिंध्या अजून धडधाकट आहेत, दगा दिला तो दोऱ्याने. आडव्या बाण्यात कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची कातरणं असतात, पण उभा ताणा नवा सुती दोरा असतो आणि सगळी वीण त्यानेच धरलेली असते. या सतरंजीत इंचाला चारच दोरे, तेही बारीक. सहाव्या महिन्यात दाराजवळच्या भागातले तीन तुटले. ओटल्यावरून येणारी बारीक कचकच चिंध्यांमधून खाली उतरते आणि पाऊल पडेल तसा दोरा कापते. वरून झाडू फिरवून ती निघत नाही. आठवड्यातून एकदा सतरंजी कठड्यावर उलटी टाकून झोडपावी लागते.

दोरा तुटला की लगेच सांधा, नाहीतर चिंध्यांचे फासे वर येतात आणि पाय अडकतो. दाभणात तेवढ्याच जाडीचा सुती दोरा ओवा. तुटल्या जागेच्या तीन इंच अलीकडून, जुन्या दोऱ्याला लागून, एक पट्टी वरून एक खालून असा तीन इंच पलीकडे न्या. गाठ मारू नका, ती पायाला टोचते आणि तिथेच पुन्हा झिजते. नायलॉन तर नकोच, तो सुती पट्ट्यांनाच कापतो.

पट्ट्यांमध्ये होजिअरी, म्हणजे बनियन-टीशर्टचं कापड, सगळ्यांत उत्तम: ओढली की कडा आत वळतात, दशा निघत नाहीत. शर्टाच्या कापडाच्या पट्ट्यांचे तंतू पहिले दोन महिने केरात येत राहिले. लायक्राची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाची, कातरणं मात्र यात वापरूच नयेत. मागावर ती ताणून विणली जातात आणि उतरल्यावर आखडतात. इथे मधोमध रुंदी दीड इंच कमी होऊन कंबर पडली आहे. धुतल्यावर सुती पट्टी आटते, पॉलिएस्टरची आटत नाही, म्हणून काठही लाटांसारखे झाले. घेताना दोन्ही टोकांना आणि मध्ये रुंदी मोजून पाहा. लाल आणि गडद निळ्या पट्ट्यांवर ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासा. रंग लागला तर ती सतरंजी घेऊ नका, मिठाच्या पाण्याने तो पक्का होत नाही.

भिजल्यावर वजन दुपटीवर जातं. मशीनमध्ये ती एका बाजूला गोळा होऊन ड्रम आदळतो, त्यामुळे मोरीत गार पाण्यात मऊ ब्रशनेच धुवा. एका दोरीवर लटकवली तर पाण्याचा सगळा भार ताण्यावर येतो. खाटेवर आडवी पसरा. पावसाळ्यात धुऊच नका, आतून ओली राहून कुबट वास धरते.

कापड बेतताना साधारण 10 ते 15 टक्के कातरणात जातं. कोरं, चांगलं कापड असतं ते, त्याला इतका उपयोग मिळतोय याचं खरंच समाधान वाटतं. पण सूत, पॉलिएस्टर, लायक्रा एकत्र विणल्यावर त्यातून पुन्हा धागा काढणं जवळपास अशक्य. म्हणून ही सतरंजी आठ महिने नाही, आठ वर्षं टिकायला हवी. विणकरांनी ताण्यात काटकसर करू नये. पुढची नक्की घेऊ, पण इंचाला सहा जाड दोरे असलेली, थोडी महाग पडली तरी. दुकानात ती उलटी करून, पट्ट्या जरा बाजूला सारून दोरे मोजा, आणि त्याच दोऱ्याची चार-पाच मीटरची गुंडी मागून घ्या, सांधायला लागते.