प्रिंट केलेले मॅराजिंग इन्सर्ट, आठ महिने मोल्डमध्ये चालवल्यावर

भोसरीत आमची छोटी टूलरूम आहे, प्लास्टिकचे मोल्ड करतो. सरळ ड्रिलने पाणी पोचत नाही तिथे वळणदार कूलिंग हवं होतं म्हणून मॅराजिंग ३०० (निकेलवालं मजबूत टूल स्टील) चे दोन इन्सर्ट, म्हणजे मोल्डमध्ये बसणारे सुटे तुकडे, लेझरने धातूची पावडर थर-थर वितळवणाऱ्या मशीनवर प्रिंट करून घेतले. कूलिंगबद्दल काहीच तक्रार नाही, प्लास्टिक पार्टच्या कोपऱ्यातला सिंक मार्क (खड्डा) गेला. मार खाल्ला तो हीट ट्रीटमेंटमध्ये.

पहिला इन्सर्ट आला चकाचक, आम्ही फिट करून मोकळे. महिन्याभरात पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन भाग मिटतात ती कड) दबली, फ्लॅश (कडेने बाहेर येणारं प्लास्टिक) यायला लागला, हार्डनेस बघतो तर ३५ एचआरसी (रॉकवेल स्केल, आकडा जास्त तितकं कडक)! व्हेंडरने एजिंग, म्हणजे कडक करण्यासाठी तापवून ठेवणं, केलंच नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. या स्टीलमध्ये कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत, त्यामुळे मार्टेन्साइट (एरवी स्टीलला कडक करणारी आतली रचना) असूनही ते मऊच, कडकपणा येतो तो ४९० डिग्रीला सहा तास ठेवल्यावर आत निकेल-टायटॅनियमचे अतिसूक्ष्म कण तयार होतात त्यांच्यामुळे. तेवढं केलं आणि ५३ आले. (जास्त वेळ ठेवलं तर अजून कडक होईल असं वाटतं, पण उलट ऑस्टेनाइट (स्टीलची मऊ रचना) परत यायला लागतो आणि हार्डनेस उतरतो.)

दुसऱ्या वेळी सोबत दोन कूपन (तपासणीचे छोटे नमुने) मागवले. एक सरळ एजिंगला, दुसरा आधी ८४० डिग्रीला तासभर सोल्युशनायझिंग (आतले घटक एकसारखे पसरवायला तापवणं), हवेत थंड, मग एजिंग. मित्राच्या लॅबमध्ये एचिंग (रचना दिसावी म्हणून अ‍ॅसिड लावणं) करून मायक्रोस्कोपखाली धरले. पहिल्यात मेल्ट पूलचे (लेझरने वितळून गोठलेल्या धातूचे) माशाच्या खवल्यांसारखे थर तसेच आणि त्यात बारीक बारीक सेल (कप्पे), दुसऱ्यात खवले गायब, नुसत्या मार्टेन्साइटच्या पट्ट्या. आणि हार्डनेसमध्ये फरक फक्त एका पॉइंटचा! म्हणजे एचआरसीच्या रिपोर्टवरून आतलं काही कळत नाही राव. प्रिंट होताना सेलच्या कडांना निकेल, मॉलिब्डेनम, टायटॅनियम साचतं, सरळ एजिंग केलं की तिथेच ऑस्टेनाइट धरून राहतो, ८४० ला मात्र सगळं पसरून एकसारखं होतं.

माझ्या मते जाडजूड इन्सर्टला सरळ एजिंग चालून जातं. पातळ पिन किंवा आडवा लोड असेल तर सोल्युशनायझिंग कराच, तेही पार्ट प्रिंटिंगच्या प्लेटला चिकटलेला असतानाच, वायर कटने तो सोडवायचा त्यानंतर, नाहीतर आतला स्ट्रेस सुटून पार्ट वाकतो. एजिंगमध्ये किंचित आकसतो, म्हणून फिनिशिंगला मटेरियल ठेवा.

आणि हे स्टेनलेस नाही बरं का, निकेल १८ टक्के असलं तरी. दिवाळीच्या सुट्टीत चॅनेलमध्ये पाणी तसंच राहिलं, परत आलो तर नळीतून लालभडक पाणी.