बिल्ट-इन ओव्हन: भाजतो उत्तम, अडतो घड्याळापायी (वॉरंटी संपल्यानंतरचा अनुभव)

भाजण्याच्या बाबतीत या ओव्हनला नाव ठेवायला जागा नाही. माझं भांडण आहे ते मधल्या डिजिटल घड्याळाशी. त्यावर मी लांबलचक लिहिणार आहे, कारण विकत घेताना दुकानात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

मॉडेल बऱ्याच जणांकडे असतं तसंच: साठ लिटरच्या आसपास, दोन बाजूंना दोन नॉब, मध्ये हिरव्या आकड्यांचा टायमर. तापमान नॉबवर, म्हणजे आत साधा यांत्रिक थर्मोस्टॅट. पण थर्मोस्टॅटपर्यंत वीज पोचते ती टायमरच्या रिलेमधून, म्हणजे विजेने लागणाऱ्या-सुटणाऱ्या आतल्या स्विचमधून. लाइट जाऊन आली की १२:०० लुकलुकायला लागतं आणि दोन बटणं एकदम दाबून हाताचं चिन्ह येईपर्यंत रिले लागत नाही. तोवर नॉब कितीही फिरवा, ओव्हन थंड. आमच्याकडे पुण्यात गुरुवार म्हणजे महावितरणचा देखभाल-दुरुस्तीचा वार, आणि पावसाळ्यात लाइटचे झटके कधीही. केक आत असताना अर्धा सेकंद जरी लाइट गेली, तरी ओव्हन आपणहून परत चालू होत नाही. तुम्ही दुसऱ्या खोलीत असाल तर केक मध्ये बसलेलाच सापडतो. ज्या यंत्राचं काम भाजणं आहे, त्याला भाजण्यासाठी आधी किती वाजले ते सांगावं लागतं, हे मला आजही पटत नाही.

वॉरंटी एक वर्षाची. ती संपून काही महिने झाले आणि डिस्प्ले मंद व्हायला लागला. आधी वाटलं, काचेवर तेलकट थर बसला असेल. पुसून फरक पडेना. मग दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना एका दुपारी नानखटाईचा ट्रे आत सरकवला, नॉब १६० वर नेला आणि आतून टरटर आवाज सुरू झाला. दिवा त्या आवाजाच्या तालावर लुकलुकत होता, आकडे जवळजवळ दिसेनासे झाले होते. काही क्षणांनी सगळं विझलं आणि १२:०० परत. वळलेल्या नानखटायांचं तूप सुटायला लागलं होतं, ट्रे उचलून फ्रीजमध्ये टाकला आणि त्या दिवसाची ऑर्डर शेजारच्या वहिनींच्या ओटीजीवर काढली. त्यांच्या ओटीजीला घड्याळ नाही.

कंपनीचा माणूस आला. भेटीचे ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये. मीटर पिशवीतून बाहेरही काढला नाही. आवाज ऐकला आणि म्हणाला, "टायमरचं मॉड्यूल गेलंय मॅडम, पूर्ण बदलावं लागेल." किंमत ७,२०० रुपये, मजुरी वेगळी, पार्ट यायला तीन आठवडे. म्हणजे ओव्हनच्या किमतीचा जवळपास पाव हिस्सा, तोही घड्याळासाठी! मॉड्यूलमधला कोणता भाग गेलाय, असं विचारलं तर "आम्ही कंपोनंट लेव्हलचं काम करत नाही" एवढंच उत्तर. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने दुसरा मार्ग सांगितला: "ताई, टायमर काढून डायरेक्ट करून देतो." तसं केलं तर ओव्हन चालतो, थर्मोस्टॅट आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट जागेवरच राहतात. पण ठरलेल्या वेळी आपोआप बंद होणं जातं. आई आत रताळी ठेवून आडवी होते, त्यामुळे मला ते नको होतं.

शेवटी मीच मागे लागले. सॉकेट, कॉइल आणि थर्मोस्टॅट आधी तपासून बाजूला केले. खालच्या ११०० वॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स २३० व्होल्टच्या हिशेबाने ४८ ओहम यायला हवा, ४७ आला, म्हणजे ठीक. राहिला टायमर. ओव्हनची पिन काढून, त्याला कपाटातून पुढे ओढून, वायरींचे फोटो काढून ते मॉड्यूल सोडवलं आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला एका काकांकडे घेऊन गेले. त्यांनी बोर्ड उलटा करून रिलेचे टाके भिंगाखाली पाहिले. उष्णतेने तिथलं सोल्डर तडकतं म्हणाले, पण माझ्या बोर्डवर ते शाबूत होतं. मग एका पिवळ्या चौकोनी डबीवर, म्हणजे कपॅसिटरवर (विजेचा भार साठवणारा भाग) बोट ठेवलं. काडेपेटीच्या निम्म्याहून लहान, अंगावर छापलेलं १०५के (म्हणजे १ मायक्रोफॅरड क्षमता), एक्स-टू (थेट घरच्या विजेवर लावायचा सुरक्षित प्रकार), २७५ व्होल्ट एसी. तिचा एक पाय सोडवून मीटर लावला: ०.२८ मायक्रोफॅरड. छापलेल्या आकड्याप्रमाणे हवा होता १.

काकांनी गणित समजावलं ते असं. या टायमरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. पैसे वाचवायला घरच्या विजेच्या वाटेत हा कपॅसिटर घालून करंट मर्यादित करतात. १ मायक्रोफॅरडमधून आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर सुमारे ७० मिलिअँपिअर मिळतात. ०.२८ झाला की उरतात २० च्या आसपास. नुसते आकडे दाखवायला तेवढे कसेबसे पुरतात, पण रिले ओढली की व्होल्टेज कोसळतं, रिले सुटते, व्होल्टेज चढतं, रिले परत लागते. तोच टरटर आवाज. कपॅसिटर झिजतो कारण आत प्लॅस्टिकच्या पट्टीवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. विजेचा प्रत्येक मोठा झटका त्यातला थोडा जाळतो, आणि दमट हवा उरलेला गंजवते.

आणि इथे माझा घड्याळावरचा राग दुप्पट झाला. ओव्हन मी आठवड्यातून काही तास वापरते. घड्याळ मात्र चोवीस तास चालू, म्हणजे कपॅसिटरही चोवीस तास विजेवर, गुरुवारचे सगळे झटके झेलत. जो भाग मला नकोच होता, तोच आधी झिजला आणि त्याने पूर्ण ओव्हन बंद पाडला.

नवा कपॅसिटर २५ रुपये. तितक्याच मायक्रोफॅरडचा, पायांमधलं अंतर तेच, पण ३०५ व्होल्ट एसीचा घेतला. सोबत एक छोटा इलेक्ट्रोलिटिक (दुसऱ्या प्रकारचा कपॅसिटर) बदलला आणि झेनर, म्हणजे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड, तपासला. मजुरी धरून सगळे २५० रुपये. स्वतः करणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. या प्रकारच्या बोर्डवर घरची वीज थेट खेळते, त्यामुळे पिन सॉकेटमधून काढल्याशिवाय हात लावायचा नाही आणि कपॅसिटर रिकामा झालाय का ते मीटरने बघायचं. दुसरं, त्या जागी डीसीवरचा ४०० व्होल्टचा कपॅसिटर दुकानदाराने दिला तरी घ्यायचा नाही, एक्स-टूच हवा.

डिस्प्ले नव्यासारखा लख्ख झाला, रिले एकदाच "टक्" करून लागते. त्यानंतर पाव, केक, भाजलेल्या भाज्या सगळं झालं. ओव्हनमधल्या थर्मामीटरवर १८० ला लावलं की काटा वर-खाली होतो, पण यांत्रिक थर्मोस्टॅटचं ते चालायचंच. खालची आच इतकी सारखी आहे की ट्रे फिरवावा लागत नाही, आणि आमच्या आधीच्या ओटीजीत हे सुख नव्हतं.

घड्याळाबद्दलचं मत थोडं बदललंय, तेही नोंदवते. आता काम झालं की कूलिंग फॅन थांबेपर्यंत थांबते आणि मग १६ अँपिअरचं बटण बंद करते. पुढच्या वेळी १२:०० लुकलुकतं, पण वेळ खरी असावी लागत नाही, दोन बटणं दाबून हाताचं चिन्ह आलं की भागतं. म्हणजे रोजचा त्रास मी समजत होते त्यापेक्षा कमी आहे. पण भाजताना लाइट गेली तर केक बसायचा तो बसतोच, ते यात सुटत नाही.

ओव्हनला पाचपैकी साडेतीन, सेवेला शून्य. ज्यांना घ्यायचाय त्यांनी दुकानात मेन बटण बंद-चालू करायला लावा आणि घड्याळाला हात न लावता ओव्हन तापतो का ते बघा. कंपनीविरुद्ध मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली. मीटर न लावता निदान केल्याचे ५९० परत मिळाले. सुटा भाग दुरुस्त का करत नाहीत, याचं उत्तर मात्र कोणी दिलं नाही. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही येतात. म्हणून टायमरच्या सर्किटचा नकाशा मी कंपनीकडे लेखी मागितलाय. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.