बेळगावच्या टिळकवाडीतला स्किनचा दवाखाना, गळूसाठी जायचं तर सकाळीच जावा

वेटिंग लई हाय हे पहिलंच सांगते, टोकन घेतलं तरी दुपार होतीय, बाहेर बसायला चार खुर्च्या आणि पार्किंगचं तर नावच काढू नका. एक स्टार त्याचाच कापलाय. पण गळूसाठी मी तरी दुसरीकडं जाणार नाही.

आमच्या मामांना मानेवर सारखं गळू यायचं, एक बसलं की दुसरं. खानापूरला घरात सगळ्यांचं एकच, आंबे खाल्ले, उष्णता झाली, पोटीस बांधा. आधीच्या एका डॉक्टरनी दरवेळी नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. इथं डॉक्टर मॅडमनी मान बघितली आणि पहिलाच प्रश्न, शुगर कधी तपासलीय? मामा म्हणाले मला कुठली ओ शुगर. रिपोर्ट आला तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट, ९ च्या वर, आणि ६.५ पासूनच डायबेटीस धरतात!

मॅडम मराठीत नीट सांगतात, कन्नड पेशंटला कन्नडमध्ये. गळू करणारा स्टॅफिलोकोकस जंतू बऱ्याच जणांच्या नाकात असतोच, मग शुगर वाढलेली, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू, खाजवून सोललेला एक्झिमा म्हणजे इसब, नायतर घरभर एकच टॉवेल, असं काय असलं की त्याला फावतं. मामांचं तर शेजारी शेजारी तोंडं पडून काळपुळी झाली होती. अंगावर काढलं तर आजूबाजूची कातडी लाल होऊन इन्फेक्शन पसरतं, रक्तात गेलं तर सेप्सिस म्हणजे अख्ख्या अंगाला जीवघेणा त्रास, हाडात नायतर हृदयाच्या झडपेत पण जाऊन बसतं म्हणे. नाकावरचं आणि वरच्या ओठावरचं तर पिळायचंच नाही, तिथल्या शिरा आत मेंदूकडं जातात. मामी घरात सेफ्टी पिननं फोडायच्या, त्यांना समोर बसवून असं झापलंय की मला हसू आवरेना.

भूल देऊन चीर दिली, पू काढून कल्चरला, म्हणजे कुठला जंतू हाय आणि कुठली गोळी लागू पडते ते बघायला लॅबमध्ये पाठवला, रिपोर्ट बघून गोळी बदलली. ड्रेसिंग करणाऱ्या पोराचा हात हलका हाय. घरी आता टॉवेल वेगळा, आणि नवीन काय उठायला लागलं की गरम पाण्यातनं पिळलेलं फडकं दहा मिनिटं, दिवसातनं तीन-चार वेळा.

चिरण्याचं बिल फीपेक्षा वेगळं लागतं, आधीच विचारून घ्या. आणि ताप असला किंवा लाली पसरत चालली असली तर काउंटरवर तसं सांगा, टोकन न बघता आत घेतात.