कोकरांसाठीचा बिल्ला-नोंदवही संच : वापरानंतरचा अभिप्राय

अंबाजोगाईतील एका पशुवैद्यकीय औषध दुकानातून घेतलेल्या या संचात कानात मारायचे क्रमांकित प्लॅस्टिकचे बिल्ले, ते मारण्याचा चिमटा, टांगता स्प्रिंगकाटा आणि छापील नोंदवही येते. दख्खनी मेंढ्यांच्या कळपावर गेल्या विण्याच्या हंगामात तो वापरला. बिल्ल्यांसाठी पैसे मोजावेत, नोंदवहीसाठी मोजू नयेत, असे माझे मत झाले.

बिल्ल्यावरील क्रमांक लेसरने कोरलेला असल्याने उन्हापावसात पुसट होत नाही. त्याचा गोल, गुंडीसारखा आकार हा मोठा गुण आहे, कारण बालाघाटाच्या माळावर बोरी-बाभळीत तोंड घालून चरणाऱ्या मेंढीचा लोंबता बिल्ला काट्यात अडकला की कान फाडूनच निघतो. कोकराचा कान पुढे जाड होतो, हे ओळखून सुईची लांबीही पुरेशी ठेवली आहे. शिरा चुकवून, कानाच्या मधल्या पातळ भागात बिल्ला मारला की रक्त जवळजवळ येत नाही. पावसाळ्यात मात्र जखमेवर माशी बसून अळ्या पडतात, तेव्हा हे काम थंडीत उरकलेले बरे.

काट्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तो 50 किलोचा असून त्यावर 500 ग्रॅमच्या खुणा आहेत. दख्खनी कोकरू जन्मतः साधारण अडीच ते तीन किलोचे भरते, त्यामुळे अशक्त आणि धडधाकट पिलात या काट्यावर जेमतेम एका खुणेचे अंतर दिसते, आणि कोणत्या कोकराला पहिल्या तासा-दोन तासांत आपल्या हाताने चीक (आईचे पहिले दूध) पाजायचा हे तर त्याच फरकावर ठरवायचे असते.

नोंदवहीत बिल्ला क्रमांक, जन्मतारीख, आईचा क्रमांक, जन्मवजन, तीन महिन्यांचे वजन आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), आंत्रविषार (आतड्यातील जंतूंच्या विषाने होणारा रोग) व देवी या रोगांवरील लसींचे रकाने आहेत. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी द्यावी, ही छापील सूचनाही योग्य आहे. जुळ्यांसाठी प्रशस्त रकाना आहे, जो फलटणच्या नारी सुवर्ण या जुळी देणाऱ्या जातीच्या मेंढ्या पाळणाऱ्यांना उपयोगी पडेल. दख्खनीत जुळी क्वचितच होतात. पण बापाचा, म्हणजे नराचा, रकानाच नाही. एकच मेंढा कळपात वर्षानुवर्षे राहिला आणि त्याच्याच मुलींवर सुटला, तर पुढची पिढी लहानखुरी व मरतुकडी निघते, आणि ते टाळण्यासाठी जी नोंद हवी तीच येथे करता येत नाही. मरतुकीचे कारण लिहायलाही जागा नाही. मी शेवटी दोनशेपानी साध्या वहीत प्रत्येक मेंढीला एक पान दिले. तिची सगळी वेते एका नजरेत दिसतात आणि कोणती मेंढी विकायची हे ठरवणे सोपे जाते.

चिमट्याची सुई वाकल्यास ती सुटी मिळत नाही, असे दुकानदाराने सांगितले. घेतानाच जादा सुई मागून घ्यावी. बिल्ले सुटेही मिळतात आणि त्यांचा क्रम आधीच्या क्रमांकापासून पुढे चालू ठेवून देतात.