चोर बाजारातली ‘कंपनी सरकारची’ बंदूक

साडूभाऊंनी मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून चकमकीची ठासणीची बंदूक आणली, २८,००० रुपयांना. कोकणातल्या कुठल्याशा वाड्यातली, कंपनी सरकारच्या काळातली, असं दुकानदाराने सांगितलेलं. घोड्याखालच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराची खूण) अशी अक्षरंही होती. माझी सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात गेली, म्हणून मला कौतुकाने बघायला बोलावलं. हॉलमध्ये खिळा आधीच ठोकून झाला होता.

हत्यार झिजतं ते हात लागतो तिथे. जुनी थ्री-नॉट-थ्री बघा. बोल्टची मूठ घासून चकचकीत झालेली, नळीच्या तोंडाशी आणि कडांवर काळा मुलामा उडालेला, गाल टेकतो तिथलं लाकूड घामातेलाने काळपट. लाकडाआड राहिलेलं लोखंड मात्र त्या मानाने कोरं. या बंदुकीला नखशिखान्त एकसारखा तांबडा गंज, अगदी चापावर बोट बसतं तिथेसुद्धा! ॲसिड फासून ओलीत ठेवलं की असा गंज लवकर चढतो.

पेटवायची चिमूटभर दारू ठेवतात ती बाजूची वाटी तर बघण्यासारखी होती. काळ्या दारूची राख हवेतली ओल धरते आणि लोखंड खाते, त्यामुळे वापरातल्या बंदुकीला सर्वांत जास्त मार त्या वाटीला आणि बार पेटायच्या बारीक भोकाला बसतो. इथे भोकाची कड नखाला बोचत होती. पट्टीवर खड्डेच खड्डे, पण ‘टॉवर’ची अक्षरं ठसठशीत आणि दोन अक्षरं चक्क खड्ड्याच्या आत उतरलेली, म्हणजे गंज आधी, ठसा नंतर. दस्त्यामागची पितळी पट्टी उघडली तर आत पांढरं, ताजं लाकूड आणि वर बूटपॉलिशचा वास. साडूभाऊ काही बोलले नाहीत. वहिनी बऱ्याच बोलल्या.

आम्ही दोघं दुकानात गेलो. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, बिल वाचा.” बिलावर ‘शोभेची वस्तू’. मग मी विचारलं, पुरातन वस्तू विकायचा परवाना दाखव. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू विकायचा धंदा करायला तो लागतो. त्यावर त्याचं उत्तर तयार: “ही कुठे जुनी आहे?” तोंडी दोनशे वर्षांची, कागदावर कालची. खरी निघाली असती तर कटकट वेगळीच. शस्त्र कायद्याची सूट मिळते ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा जुन्या हत्याराला.

पैसे परत नाहीत. बदल्यात ग्रामोफोन घ्या म्हणाला. त्याचा कर्णाही नवाच दिसत होता. तक्रारीसाठी बिल आणि पट्टीचे फोटो जपून ठेवलेत. निघताना आतल्या भिंतीवर तशाच आणखी दोन बंदुका दिसल्या, पट्टीवरचा मोठा खड्डा तिन्हींना एकाच जागी. साचा एकच. तुमच्याकडे अशी कुणी आणली असेल तर घोड्याच्या मागे, मुकुटाच्या डाव्या अंगाला बघा.