मॉरिस मायनरच्या एसयू कार्बचं रिबिल्ड किट, पावसाळा काढल्यानंतर

गाडी १९५७ ची मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसी, कार्ब (कार्बुरेटर, इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) एसयू या ब्रिटिश कंपनीचा, मॉडेल एच२. किट ऑनलाइन मागवलं, मे महिन्यात बसवलं, पावसाळा झाला, चवथ झाली, आता शिमगा तोंडावर आलाय, म्हणजे आता बोलायला हरकत नाही.

किटात गास्केट, वॉशर, फ्लोटची निडल-सीट (कार्बच्या बाउलमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी सुई आणि तिची बैठक) आणि जेटची (पेट्रोल सोडणाऱ्या नळीची) सीलं एवढंच येतं. आणि या जुन्या एसयूंचा मोठा रोग असतो थ्रॉटल स्पिंडलची (हवेची झडप, म्हणजे बटरफ्लाय, ज्या दांडीवर फिरते तिची) झीज, तो यातून बरा होत नाही. स्पिंडल धरून वरखाली हलवा, हलतोय म्हणजे इंजिन तिथून फुकटची हवा ओढतंय. मग आयडलिंग लागत नाही म्हणून मिस्त्री जेटचा नट खाली पिळून मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) करतो, गाडी जागेवर छान चालते आणि फोंड्याला जाऊन येईपर्यंत प्लग काळेकुट्ट. खात्री करायची तर चालू इंजिनवर स्पिंडलच्या टोकाला पातळ तेलाचे थेंब सोडा, आवाज बदलला की समजा. मी म्हापशाच्या लेथवाल्याकडून गनमेटलचे बुश (स्पिंडलच्या भोकांत बसणाऱ्या छोट्या नळ्या) टाकून घेतले, नवा स्पिंडल वेगळा मागवला. दोन्ही भोकं एका रेषेत रीम (मापात गुळगुळीत) झाली पाहिजेत नाहीतर बटरफ्लाय अडकतो. त्याच्या स्क्रूंची चिरलेली टोकं बसवल्यावर फाकवा हं, सुटला तर थेट इंजिनात.

आता किट. निडल-सीट एकदम मस्त, विटॉनचं (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं) टोक आहे, ओव्हरफ्लो एकदाही नाही. गास्केटही ठीक. पण जेटची कॉर्कची सीलं रात्रभर तेलात भिजवून बसवली तरी दसऱ्याच्या सुमारास जेटखालून थेंब सुरू. गाडी पावसात महिना महिना उभी, कॉर्क सुकणारच, वर पंपावर हल्ली ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल). रबर ओ-रिंगवाली सीलं टाकल्यापासून कोरडं आहे, फक्त सीलं बदलली की जेट पुन्हा सेंटर करायचा, कार्बचा पिस्टन उचलून सोडला की खाली टक्क आवाज आलाच पाहिजे. तो नसेल तर पिस्टनची निडल जेटला घासतेय, पॉलिश पेपर घेऊन डॅशपॉटच्या (पिस्टनवरच्या टोपीच्या) मागे लागू नका.

इथेनॉल पाणी ओढतं आणि आपल्या हवेत पाण्याला काय तोटा, बाउलच्या तळाला पांढरी पूड साचलेली दिसते ती त्याचीच. म्हणून गाडी ठेवायची असली की मी पंपाची वायर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. पितळी फ्लोट मात्र जुनाच ठेवला, गरम पाण्यात बुडवला, बुडबुडा आला नाही, मग कशाला बदला.

किटला ५ पैकी ३, कॉर्क नसता तर ४ दिले असते. मागवताना कार्बवर लावलेल्या टॅगवरचा एयूसीने सुरू होणारा नंबर द्या, टॅग हरवला असेल (बहुतेकांचा हरवलेलाच असतो) तर कार्बचं तोंड मोजा, एच२ चं सव्वा इंच भरतं, एच१ चं त्याहून लहान.